फिक्सीला ब्रेक लावताना: मागच्या कॉगपासून पहिल्या उतारापर्यंत

फिक्सी म्हणजे मागचं दातेरी चक्र, कॉग, चाकाला पक्कं जोडलेली सायकल: चाक फिरतं तोवर पायडलं फिरतातच, आणि पाय रोखले की चाकही रोखलं जातं. ती घेतली की पोरं पहिलं काम करतात ते ब्रेक काढून टाकायचं. हँडल मोकळं दिसतं, फोटो चांगला येतो. मग कधीतरी संभाजीनगरच्या जालना रोडवर, सेव्हन हिल्सच्या पुलावरून उतरताना, पायडलं पायांपेक्षा जोरात पळायला लागतात आणि ब्रेकची आठवण होते. तो परत लावला जातो तोही घाईतच: दुकानात सापडेल तो कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी रबरं दाबणारी ब्रेकची कमान), गिअरच्या वायरचं आउटर (वायरवरची नळी), वाळून दगड झालेली रबरं. असा ब्रेक लागतो, पण थांबवत नाही. आणि मालक म्हणतो, बघा, फिक्सीला ब्रेकचा उपयोगच नाही.

खाली दिलेला क्रम हा पुढच्या चाकाचा हात-ब्रेक नीट बसवण्याचा आहे. क्रम मोडू नका. बहुतेक गडबड सामान वाईट असल्यामुळे होत नाही. आधीचं काम नंतर केल्यामुळे होते.

पुढचाच ब्रेक का

ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. कोरड्या डांबरावर, नीट बसवलेल्या पुढच्या ब्रेकनं ही सायकल साधारण ५ मीटरमध्ये थांबते. फक्त मागच्या चाकावर थांबवायची म्हटलं, मग पायानं रोखा नाहीतर मागे कॅलिपर लावा, तर तेच अंतर दुपटीच्या आसपास जातं. थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. मांड्यांत कितीही ताकद असली तरी हलक्या चाकाला रस्त्यावर पकड मिळत नाही. स्किड मारणं दिसायला भारी आहे, पण घसरणारं चाक हे थांबण्याचं सगळ्यात लांबचं आणि टायर खाणारं साधन आहे.

मिस्त्री हमखास सांगतो, “दादा, पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो बघा.” पडतो, खोटं नाही. पण तो पडतो हात ढिले ठेवून एकदम ब्रेक आवळल्यामुळे. त्यावरचा इलाज सराव आहे, टप्पा ८ मध्ये तो दिला आहे. ब्रिटनमध्ये फिक्स्ड चाकाच्या सायकलला पुढच्या चाकावर ब्रेक असणं नियमानंच सक्तीचं आहे. आपण आपल्या दातांसाठी तो लावू.

कोणकोणते पर्याय आहेत

ड्युअल-पिव्होट (दोन बिंदूंवर फिरणाऱ्या हातांचा) कॅलिपर हा दहापैकी नऊ जणांसाठी बरोबर पर्याय. हलका, स्वस्त, चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) एका भोकात बसतो.

व्ही-ब्रेक किंवा कँटिलिव्हर तेव्हाच, जेव्हा चिमट्याच्या दोन्ही पायांवर त्यांच्यासाठी खुंट्या जोडलेल्या आहेत. नसतील तर हा विषय संपला.

ड्रम ब्रेकचं पुढचं हब (चाकाचा मधला गाभा) मिळतं. स्टर्मी-आर्चर ७० आणि ९० मि.मी. ड्रमची बनवते. काळ्या मातीच्या चिखलात हा ब्रेक सगळ्यात शहाणा, कारण रिमशी त्याचा संबंधच नाही. पण त्यासाठी चाक नव्यानं विणावं लागतं, हबची दांडी चिमट्याला पट्टीनं बांधावी लागते, आणि सामान बाहेरून मागवावं लागतं. रोज शेतरस्त्यावरून जाणाऱ्यानं विचार करावा, बाकीच्यांनी नाही.

डिस्क ब्रेक फक्त डिस्कसाठी बनवलेल्या चिमट्यावर. साध्या चिमट्याला पट्टी वेल्ड करून डिस्क लावून देणारे भेटतात. ते काम करून घेऊ नका. डिस्कचा सगळा ताण चिमट्याच्या एकाच पायाच्या खालच्या टोकावर येतो आणि साधा चिमटा त्यासाठी घडवलेला नसतो.

जुन्या काळ्या सायकलचे सळईचे ब्रेक लावता येतील का, असंही विचारलं जातं. नाही. त्यांची रबरं रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूनं दाबतात. त्याला वेगळ्या आकाराची रिम लागते. आणि पायडल उलटं फिरवून लागणारा कोस्टर ब्रेक हा फिक्सीचा प्रकारच नाही, त्या हबमध्ये चाक मोकळं फिरतं.

मागचा हात-ब्रेकही लावावा का? चौकटीला भोक असेल तर लावा. चेन उतरली, तुटली, नाहीतर पायाचा पट्टा निसटला, की मागचा पायाचा ब्रेक त्याच क्षणी संपतो. पण पैसे एकाच ब्रेकपुरते असतील तर तो पुढेच.

टप्पा १: आधी मागचं चाक बघा

पुढचा ब्रेक लावायला बसलो आणि मागचं चाक कशाला, असं वाटेल. पण वेग रोज आवरणार ते पायच, आणि पायांचा जोर चाकापर्यंत जातो तो कॉग आणि चेनमधून.

खऱ्या फिक्स्ड हबवर दोन पायऱ्यांचे आटे असतात. मोठ्या पायरीवर कॉग सुलट आट्यांत बसतो, बाहेरच्या लहान पायरीवर लॉकरिंग (कॉगला अडवणारी कडी) उलट आट्यांत. पाय मागे रेटले की कॉग सुटू बघतो, आणि सुटताना लॉकरिंगला आणखी घट्ट करतो. सगळी सुरक्षा या उलट आट्यांत आहे. लॉकरिंग हुकाच्या पान्यानं घट्ट करा. छन्नी-हातोडीनं ठोकून बसवलेल्या लॉकरिंगच्या खाचा दोन वेळांतच गोल होतात, मग ती ना निघते ना आवळते.

सावधान: आपल्याकडे फ्रीव्हील (साध्या सायकलचं, उलटं मोकळं फिरणारं दातेरी चक्र) वेल्ड करून ‘फिक्स’ करून देण्याची पद्धत सर्रास आहे. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. पण त्या हबला लॉकरिंगचे आटेच नसतात. पाय जोरात मागे रेटले की अख्खं फ्रीव्हील आट्यांवरून उलटं फिरून मोकळं होऊ शकतं, आणि ते नेमकं तेव्हाच होतं जेव्हा तुम्ही घाबरून थांबायला बघता. तुमची सायकल अशी असेल तर पायानं ब्रेक मारणं पूर्ण बंद आणि पुढे-मागे दोन्ही हात-ब्रेक सक्तीचे. मागे खरं फिक्स्ड हब येईपर्यंत ही सायकल फिक्सी समजूच नका.

चेनचा ताण: क्रँक हळूहळू फिरवत चेन कुठे सगळ्यात घट्ट होते ते शोधा. चेनव्हील अगदी गोल क्वचितच असतं, म्हणून ही जागा निघतेच. तिथे चेनच्या मध्यावर बोटानं वरखाली केल्यावर एक-सव्वा सेंटिमीटर हालचाल हवी. जास्त असेल तर खड्ड्यात चेन उतरते. अजिबातच नसेल तर हबचे छर्रे आणि क्रँकचे बेअरिंग दोन्ही मरतात. मग चाकाचे दोन्ही १५ नंबरचे नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की चाक तिरकं होतं.

आणखी एक. हब दोन्ही बाजूंनी वापरायचं असेल, म्हणजे एका बाजूला कॉग आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, आणि तुम्ही चाक उलटवून फ्रीव्हीलवर चालवणार असाल, तर मागचा हात-ब्रेक असलाच पाहिजे. चाक उलटवल्यावर पाय थांबवत नाहीत, ही गोष्ट डोक्याला कळते, पायांना नाही. पहिल्या चौकात पाय मागे रेटले जातात आणि पायडलं नुसती गरागरा उलटी फिरतात.

टप्पा २: रिम आणि चिमटा ब्रेक घेतील का

स्वस्त रंगीत फिक्सींच्या खोल रिमवर सगळीकडे सारखा रंग असतो. ब्रेक लागायची कडेची पट्टी खरवडून उघडी केलेली नसते. अशा रिमवर रबर घासलं की रंग सुटतो, रबरात चिकटतो, ब्रेक चिकट आणि झटके देणारा होतो, आणि ओल्यात तर लागतच नाही. नखानं रिमची कड चाचपा: उघड्या ॲल्युमिनियमची बारीक रेघांची पट्टी लागली तर उत्तम. नसेल तर पुढची रिम बदला, किंवा ब्रेकच्या पट्टीची रिम असलेलं पुढचं चाक घ्या. सँडपेपरनं रंग घासून काढता येतो, पण हातानं तो सारखा निघत नाही. चमकणाऱ्या लोखंडी रिमवर कोरड्यात ब्रेक ठीक लागतो, पावसात जवळजवळ नाहीच.

रिम सरळ आहे का तेही आत्ताच बघा. चाक फिरवा आणि चिमट्याला अंगठा टेकवून नख रिमजवळ धरा. रिम दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लचकत असेल तर आधी आरे आवळून घ्या. वाकड्या रिमवर ब्रेक बसवला की एक तर तो घासतो, नाहीतर घासू नये म्हणून इतका ढिला ठेवावा लागतो की लिव्हर हँडलला टेकते.

आता चिमटा. वरच्या आडव्या भागात समोरून मागे आरपार भोक हवं. मागच्या बाजूला ते भोक समोरच्यापेक्षा मोठं असेल, साधारण ८ मि.मी., तर आत बुडणाऱ्या लांब नटाचा कॅलिपर लागेल. दोन्हीकडे सारखं, ६ मि.मी.च्या आसपास असेल, तर लांब बोल्टचा, बाहेर नट असलेला. दुकानात जाण्याआधी हे कागदावर लिहून घ्या, तिथे आठवत नाही.

भोकच नसेल तर? तो ट्रॅकचा चिमटा. लोखंडी असेल आणि वरचा भाग भरीव असेल तर चौकटीचं काम जाणणाऱ्याकडून भोक पाडून घेता येतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बन असेल तर ड्रिल मशीन कपाटात ठेवा आणि भोकाचा नवा चिमटा घ्या. चिमट्याच्या पायांना आवळून बसणाऱ्या पट्ट्याही मिळतात, पण ब्रेक मारताना त्या किंचित फिरतात. कायमचा इलाज म्हणून मला त्या पटत नाहीत.

टप्पा ३: रीच मोजा, मगच पैसे द्या

रीच म्हणजे चिमट्याच्या भोकापासून रिमच्या ब्रेक-पट्टीपर्यंतचं अंतर. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कॅलिपरची रबरं रिमपर्यंत पोचली पाहिजेत, टायरपर्यंत नाही आणि आऱ्यांपर्यंतही नाही.

१. पुढचं चाक चिमट्यात पूर्ण आत बसवून नट आवळा. अर्धवट बसलेल्या चाकावर घेतलेलं माप चुकतं.

२. भोकातून एक सरळ बोल्ट किंवा पेन्सिल आरपार घाला.

३. भोकाच्या मध्यापासून सरळ खाली, रिमच्या ब्रेक-पट्टीच्या मध्यापर्यंत स्टीलच्या पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजा. टायरच्या कडेपर्यंत नाही.

४. दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला तर चाक तिरकं आहे. परत बसवून परत मोजा.

३९ ते ४९ आलं तर छोट्या रीचचा कॅलिपर, ४७ ते ५७ आलं तर मध्यम, ५५ ते ७३ आलं तर लांब. माप एखाद्या पल्ल्याच्या अगदी टोकाला येत असेल, समजा ४८, तर मध्यम घ्या. रबर खाचेत वरखाली करायला जागा उरते. गरज नसताना लांब रीच मात्र घेऊ नका, लांब हाताच्या कॅलिपरचा जोर कमी पडतो.

घरातली २८ इंची काळी सायकल किंवा जुनी २७ इंची स्पोर्ट्स सायकल फिक्सी करून तिच्यात ७०० सी (आजच्या रेसिंग सायकलच्या मापाची) चाकं घालणाऱ्यांनी इथे दुप्पट लक्ष द्यावं. ७०० सी रिमचा बसक्याचा (टायर रिमवर बसतो त्या जागेचा) व्यास ६२२ मि.मी. आहे, २७ इंचीचा ६३०, जुन्या २८ इंचीचा ६३५. म्हणजे नव्या चाकाची रिम ४ ते साडेसहा मिलिमीटर खाली जाते. जुन्या मापानं घेतलेल्या कॅलिपरची रबरं मग टायरला टेकतात. रिमऐवजी टायरच्या भिंतीवर घासणारं रबर थोड्याच दिवसांत भिंत कापतं आणि टायर चालत्या गाडीवर फुटतो.

तपासा: माप, भोकाचा प्रकार, हँडलची जाडी. हे तीन आकडे लिहिल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ४: सामान

मराठवाड्यात यातलं सगळं एका दुकानात मिळत नाही. वायर, आउटर, टोप्या कुठेही मिळतात. मध्यम किंवा लांब रीचचा चांगला कॅलिपर शहरातल्या मोठ्या सायकल दुकानातून सांगून आणावा लागतो.

लिव्हर कॅलिपरच्या जातीची हवी. कॅलिपर आणि कँटिलिव्हरला वायर कमी ओढणारी लिव्हर लागते, व्ही-ब्रेकला जास्त ओढणारी. व्ही-ब्रेकची लिव्हर कॅलिपरला लावली तर हाताला कडक, छान लागते आणि सायकल थांबत नाही. ही चूक ओळखणं अवघड आहे कारण लिव्हर दाबल्यावर सगळं ठीक वाटतं.

सरळ हँडलची पकड २२.२ मि.मी. जाडीची, वळलेल्या रेसिंग हँडलची २४ च्या आसपास. एकाची लिव्हर दुसऱ्यावर बसत नाही. बसवली म्हणून कुणी सांगितलं तर आत रबराचा तुकडा कोंबलेला असतो.

वायरच्या डोक्याचेही दोन प्रकार आहेत: सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या नळीसारखं, रेसिंग लिव्हरला थेंबासारखं. चुकीचं डोकं कसंबसं अडकतं आणि एक दिवस निसटतं.

सावधान: ब्रेकला गिअरचं आउटर कधीही लावू नका. दुकानात दोन्ही काळी, दोन्ही सारखीच दिसतात. ब्रेकचं आउटर साधारण ५ मि.मी. जाड आणि आत तारेची गुंडाळी असलेलं. गिअरचं ४ मि.मी. आणि आत उभ्या तारा. कापलेलं टोक बघितलं की लगेच कळतं. गिअरचं आउटर ब्रेकच्या जोरानं उभं फाटतं, आणि तो जोर येतो तो तुम्ही सगळ्या ताकदीनं लिव्हर दाबता तेव्हाच.

टप्पा ५: कॅलिपर बसवा

१. बोल्टवर कॅलिपरच्या मागे दातेरी वॉशर, आणि चिमट्याचा वरचा भाग गोल असेल तर त्याला टेकणारा खोलगट वॉशर. सपाट वॉशर गोल भागावर ठेवला की कॅलिपर कितीही आवळा, डोलतो.

२. बोल्ट भोकातून घाला, मागून नट लावा. आत बुडणारा नट असेल तर हातानंच तो किमान सहा-सात पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. दोन-तीन फेऱ्यांत घट्ट झाला तर नट तोकडा आहे. लांब नट आणा. हा नट वेगवेगळ्या लांबीत मिळतो आणि चिमटा जाड असला की लांबच लागतो. अर्ध्या आट्यांवर आवळलेला कॅलिपर सुटून पुढच्या चाकात अडकला तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

३. कॅलिपर रिमच्या मध्यावर धरून ८ ते १० न्यूटन-मीटर आवळा. मोजणारा पाना नसेल तर छोट्या एलन कीनं मनगटाचा पूर्ण जोर, वर पाइप लावून नाही.

टप्पा ६: लिव्हर, आउटर, वायर

एकच ब्रेक असेल तर तो उजव्या हाताला. आपल्याकडे मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजवीकडे असतो आणि घाबरलेला हात सवयीनंच चालतो. लिव्हर सीटवर बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषेत येईल अशी खाली कलती ठेवा. आडवी ठेवली की मनगट मुरगळतं आणि बोटांचा जोर अर्धा होतो.

आउटर कापण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघा. कुठेही ओढ बसू नये, पण मोठं धनुष्यही नको. कटप्लायरनं कापलं की टोक चेपतं आणि आतल्या तारेचा एक काटा आत वळतो. तो काटाच पुढे वायर कापतो. टोक कानसनं सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी दाभणानं उघडा, मग टोपी घाला. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक दुकानांत ते होत नाही. नव्या ब्रेकची लिव्हर पहिल्या दिवसापासून भरभरीत लागत असेल तर आधी इथे बघा.

वायर घालताना बॅरल ॲडजस्टर (वायर ताणायचा पोकळ स्क्रू) पूर्ण आत फिरवून मग दोन फेरे बाहेर काढा. कॅलिपरला क्विक-रिलीजची (ब्रेक झटकन उघडायची) छोटी मूठ असेल तर ती बंद स्थितीत हवी. उघडी ठेवून वायर आवळली की नंतर ती बंदच होत नाही. एका हातानं दोन्ही रबरं रिमला दाबून धरा, दुसऱ्यानं वायर ओढा, बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर आवळा. तिसरा हात लागतो, म्हणून कुणाला तरी बोलवा.

आता लिव्हर दहा-बारा वेळा सगळ्या ताकदीनं दाबा. आउटर टोप्यांत बसतं, वायर थोडी लांबते, ब्रेक ढिला होतो. परत ओढून आवळा. हे न केल्यामुळेच ‘परवाच बसवला आणि आज ढिला’ होतो. उरलेली वायर दोन इंच ठेवून कापा, टोकाला टोपी चेपा.

टप्पा ७: रबरं

रबर रिमच्या पट्टीवर पूर्ण, वर टायरपासून निदान एक मिलिमीटर अंतर, खाली कडेबाहेर नाही. चाक फिरतं त्या दिशेनं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं साधारण एक मिलिमीटर कलतं ठेवा. मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाची घडी ठेवून आवळलं की तेवढं येतं. यानं किंचाळणं थांबतं. दोन्ही बाजूंना रिमपासून दीड-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवा.

सावधान: रबर खोबणीत सरकवून बसवायच्या प्रकारचं असेल तर खोबणीचं बंद टोक पुढे, उघडं टोक मागे. उलटं लावलं तर ब्रेक मारताच रबर चाकाबरोबर पुढे सरकून बाहेर पडतं. डावं-उजवं अदलाबदल झाली की हेच होतं.

रिम स्पिरिटनं पुसा. डिझेल, रॉकेल, ऑइल रिमला लागता कामा नये. सर्व्हिसिंगला टाकलेल्या सायकलवर पोऱ्या तेलाचं फडकं सगळीकडे फिरवतो, म्हणून सायकल परत आणल्यावर दर वेळी रिम पुसायची.

टप्पा ८: उभ्यानं तपासणी, मग मैदान

सायकलशेजारी उभं राहा, पुढचा ब्रेक पूर्ण दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक वर उचललं गेलं पाहिजे. पुढचं चाक फिरतंय तर परत टप्पा ७. चिमटा हँडलपाशी कटकट हलत असेल तर हेडसेट (चिमटा वळतो तिथलं बेअरिंग) ढिला आहे, तो आधी आवळा. पूर्ण दाबलेली लिव्हर हँडलला टेकत असेल तर वायर अजून ढिली आहे.

मग मोकळं मैदान. शाळेचं असो, क्रीडा संकुलाच्या बाहेरचं असो, रस्ता नको.

१. चालण्याच्या वेगात, फक्त एका-दोन बोटांनी, हळूहळू दाब वाढवत थांबा. एकदम आवळायचं नाही.

२. ताशी पंधराच्या वेगात तेच करा. या वेळी ढुंगण सीटच्या मागच्या कडेला न्या, कोपरं किंचित वाकवून हात ताठर ठेवा. फिक्सीवर पायडलं आडवी धरून बसता येत नाही, ती फिरतच राहतात. म्हणून हे सरकणं पाय फिरत असतानाच करायचं. इथे नवखे गडबडतात.

३. आता हाताबरोबर पायांनीही मागे रोखा. मागचं चाक हलकं होऊन सरकायला लागलं की समजा पुढचा ब्रेक पुरेसा आहे. बोटं किंचित सोडा.

४. मगच पंचवीसचा वेग.

अशी वीसेक ब्रेकं मारली की नव्या रबरांचा वरचा थर निघून ती रिमशी जुळतात आणि ब्रेकला खरी धार येते. घरी आल्यावर लॉकरिंग परत एकदा आवळा. पायडल मारताना कॉग आणखी घट्ट बसतो आणि लॉकरिंग त्याच्यापासून सुटते. पहिल्या फेरीनंतरचं हे आवळणं कुणी करत नाही.

पायाचे पट्टे किंवा क्लिप हव्यातच. पट्ट्यांशिवाय पाय मागे रेटता येतो तो फक्त वर येणाऱ्या पायडलवर दाबून, आणि वेगात तोच पाय उडतो.

स्किडची हौस असेलच तर दातांचा हिशेब बघा. ४८-१६ जोडीत (पुढे ४८ दात, मागे १६) टायर प्रत्येक वेळी एकाच जागी घासतो आणि तिथेच भोक पडतं. ४८-१७ मध्ये सतरा जागा मिळतात, ४६-१६ मध्ये आठ. एक दात बदलून टायर कितीतरी जास्त चालतो.

उतार, पाऊस, काळी माती

४४-१६ च्या जोडीवर ताशी २५ ला पाय मिनिटाला सत्तरेक फेरे मारतात, ४० ला एकशे पंधराच्या आसपास. खुलताबादहून दौलताबादकडे उतरताना ४० यायला वेळ लागत नाही, आणि तिथे पाय रोखायला जाल तर सीटवरून उडाल. म्हणून वेग वाढल्यावर नव्हे, वाढण्याआधीच पुढचा ब्रेक थोडा थोडा लावत उतरा. पाय पट्ट्यातून निसटला तर परत घालायचा प्रयत्न अजिबात नको. पाय बाजूला काढा, पायडलं फिरू द्या, हातानं थांबा. मांजरसुंबा किंवा कन्नडच्या घाटात गाड्यांच्या मध्ये फिक्स्ड चाकावर उतरण्यात काही शौर्य नाही. दोन्ही हात-ब्रेक असतील तर चाक उलटवून फ्रीव्हीलवर उतरा, नसतील तर सायकल टेम्पोत टाका.

ऊस चालू झाला की लातूर, बीड, परभणीकडच्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेली चिपाडं चेपून निसरडी होतात. त्यावर पुढचा ब्रेक आवळू नका. चिपाडं दिसली की आधीच वेग कमी करून सरळ पार व्हा.

पावसात पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर रिमवरचं पाणी पुसतं, पकड त्यानंतर येते. एरवीपेक्षा लवकर हलकं दाबायला सुरुवात करा. काळी माती मात्र वेगळंच प्रकरण आहे. शेतरस्त्यावर ती टायरवर चढत जाऊन कॅलिपरच्या कमानीत भरते आणि चाकच जाम होतं. उतरा, काडीनं खरवडा, ओढत चालवू नका. घरी आल्यावर रबरं बघा. त्यांच्या तोंडावर वाळूचे कण आणि रिममधून निघालेल्या ॲल्युमिनियमच्या चकचकीत चकत्या रुतलेल्या दिसतील. त्या सुईनं उकरून काढा आणि रबराचं तोंड खडबडीत फरशीवर चार वेळा घासा. तसंच ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिमवर खोल रेघा पडलेल्या असतात.

रबरावरच्या आडव्या खाचा पुसल्या गेल्या की रबर बदला, मग ते कितीही जाड दिसो. वायर लिव्हरमधल्या डोक्याशी तुटते, म्हणून महिन्यातून एकदा लिव्हर पूर्ण दाबून आत डोकावा. एक जरी तार उसवलेली दिसली तर त्याच दिवशी वायर बदला. बाहेरगावी निघताना एक सुटी वायर आणि ५ नंबरची एलन की सीटखाली बांधा. लहान गावातल्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब मिळेल, रेसिंग लिव्हरच्या डोक्याची वायर मिळणार नाही.